हिरव्या टॅगचा कापूस कोणाच्या वावरातला?

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जिथे अडखळलो ते काढलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.)

आज सुरुवात एका टी-शर्टपासून.

मागच्या दिवाळीत मी ऑनलाइन एक टी-शर्ट मागवला. शेलूबाजारला घरी पार्सल आलं. उघडलं तर टॅगच इतका भारी की काय सांगू. जाड, मातकट रंगाचा पुठ्ठा, सुतळीने बांधलेला. त्यावर हिरवं पान आणि खाली 'सेंद्रिय कापूस, पृथ्वीसाठी'. मी खूश. माझे काका ओसरीवर बसले होते. पन्नास वर्षं पऱ्हाटी पाहिलेला माणूस. त्यांनी टॅग हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि विचारलं,

"हा कापूस कोनाच्या वावरातला हाये?"

मी म्हटलं, "काका, ते लिहिलेलं नसतं."

"असं कसं? आपन जिनिंगवर कापूस नेला त नाव, गाव, वजन समदं लिहून घेतेत. अन् येवढा मोठा पुठ्ठा लावला, त्याच्यावर वावराचा पत्ता नाही?"

मी हसलो. पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. आजचा भाग म्हणजे त्या प्रश्नाचा इतिहास. कपड्यावर जे लिहिलंय ते खरं आहे, हे ठरवतं कोण? आणि वऱ्हाडचा कापूस या भानगडीत कुठे सापडतो?

आजकाल याला एक शब्द आहे, ग्रीनवॉशिंग. म्हणजे पर्यावरणाच्या नावाने केलेली रंगरंगोटी. माल तोच, फक्त वरून हिरवा रंग. शब्द नवा आहे, पण कापसाच्या धंद्यातली फसवणूक नवी नाही. किमान दोनशे वर्षांचा तिचा लेखी पुरावा आहे.

भाग पहिला: शिवी झालेला कापूस

शेलूबाजार ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वाशिम जिल्हा, मंगरूळपीर तालुका. अकोल्याहून मंगरूळपीरला जाताना आमचं गाव लागतं, आणि आता समृद्धी महामार्गावरूनही इथे उतरता येतं. गावाच्या नावातच बाजार आहे. आज आमच्याकडे सोयाबीन आणि तुरीचा जोर आहे. पण हा सगळा वऱ्हाड जगाच्या नकाशावर आला तो कापसामुळे.

1853 साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हातात गेला. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिथून इंग्लंडला जाणारा कापूस जवळपास थांबला. लँकशायरच्या गिरण्या बंद पडायला लागल्या. मग सगळ्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. मुंबईत कापसाचे भाव आभाळाला टेकले. युद्ध 1865 मध्ये संपलं, भाव कोसळले, पण वऱ्हाडकडे येणारी रेल्वे काही थांबली नाही. 1867 मध्ये गाडी नागपूरला पोहोचली. 1870 मध्ये कापसाच्या बाजारासाठी खामगावला खास फाटा टाकला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. पुढे विसाव्या शतकात आमच्या शेजारच्या कारंज्यातून मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी छोटी गाडी धावू लागली. तीच आपली शकुंतला. तिचाही मुख्य धंदा कापूस वाहणं हाच.

आता गंमत बघा. मुंबई बंदरातून जाणारा आपल्याकडचा कापूस तिकडे 'सुरत' या नावाने ओळखला जायचा. आणि त्या सुरतेची इज्जत काय होती? त्या काळातला एक किस्सा नेहमी सांगतात. लँकशायरमध्ये प्रार्थना चालली होती, देवा, आम्हाला कापूस पाठव. मागून एक विणकर ओरडला, पाठव, पण सुरत नको!

कारण काय? आपल्या कापसाचा धागा आखूड होता, हे एक. आणि दुसरं, भेसळ. वजन वाढावं म्हणून पाणी मारायचं, सरकी तशीच ठेवायची, पालापाचोळा, माती, जुना कापूस नव्यात मिसळायचा. यावर मुंबई इलाख्यात 1829 सालीच एक कायदा झाला होता. युद्धाच्या धामधुमीत, 1863 मध्ये, नवा आला, कापसातल्या फसवणुकीविरुद्धचा कायदा. निरीक्षक नेमले, शिक्षा ठरवल्या. मुंबईच्या व्यापाऱ्यांना तो आवडला नाही आणि शतक संपायच्या आत तो गुंडाळला गेला.

इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. भेसळ केली की दोष कोणाला? 'हिंदी रयत अप्रामाणिक आहे', असं साहेब म्हणायचे. पण शेतकरी ते लिव्हरपूल या वाटेत किती हात होते? गावचा सावकार, खेडा खरेदीवाला, अडत्या, दलाल, मुंबईचा निर्यातदार. स्वच्छ कापूस नेला काय आणि कचऱ्याचा नेला काय, शेतकऱ्याला भाव सारखाच मिळत असेल, तर तो स्वच्छ कशाला वेचेल? जास्तीचा पैसा मधेच जिरायचा आणि बदनामी मात्र थेट वावरापर्यंत यायची.

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे परत कामाला येणार आहे.

भाग दुसरा: गाठीवरून नावाकडे

1925 मध्ये जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांसाठी कायदा झाला. त्यात एक साधी पण हुशार अट होती. प्रेसमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाठीवर त्या प्रेसची खूण आणि क्रमांक असलाच पाहिजे. म्हणजे मँचेस्टरला गाठ फोडली आणि आत दगड निघाला, तर तो दगड कुठल्या प्रेसमधला हे शोधता येईल. ज्याला आज आपण 'ट्रेसेबिलिटी' म्हणून मोठ्या थाटात बोलतो, त्याची ही आजी.

पण तोवर फसवणुकीने जागा बदलायला सुरुवात केली होती. आता भेसळ कापसात करायची गरज नव्हती, नावात केली तरी चालत होतं.

हे नाव होतं खादी. गांधीजींच्या चळवळीने खादीला असं वजन दिलं की जाडंभरडं कापड अंगावर घालणं म्हणजे देशाच्या बाजूने उभं राहणं झालं. आणि ज्या नावाला वजन येतं, त्या नावाचा बाजार होतोच. गिरण्या जाडसर कापड विणून ते 'खादी' म्हणून विकायला लागल्या. चरखा नाही, हातमाग नाही, गावातल्या बाईच्या हाताला काम नाही. फक्त शब्द उचलला. प्रकरण इतकं वाढलं की 1934 मध्ये चक्क ब्रिटिश सरकारच्या काळात खद्दर नाव संरक्षण कायदा झाला. त्यात व्याख्याच दिली: खादी म्हणजे हिंदुस्थानात हाताने कातलेल्या सुतापासून हिंदुस्थानातच हातमागावर विणलेलं सुती कापड. दुसऱ्या कशाला हे नाव लावलं तर ती खोटी मालखूण.

मला विचाराल, तर ग्रीनवॉशिंगविरुद्ध आपल्याकडचा पहिला कायदा हाच. रंग हिरवा नव्हता, पण युक्ती तीच. ग्राहक कापडासोबत एक चांगली भावना विकत घेतोय, आणि ती भावना खोटी आहे.

आणि हा रोग काही बरा झाला नाही. 2022 च्या फेब्रुवारीत खादी आयोगाने मुंबईत दादाभाई नौरोजी रोडवरचं प्रसिद्ध खादी एम्पोरियम चालवणाऱ्या जुन्या संस्थेचं प्रमाणपत्र रद्द केलं. आरोप? खादीच्या नावाने खादी नसलेला माल विकणं. हे दुकान 1954 पासून चालू होतं.

भाग तिसरा: टॉवेल आणि बीटी

'ग्रीनवॉशिंग' हा शब्द 1986 साली जे वेस्टरवेल्ड नावाच्या अमेरिकन पर्यावरणवाद्याने वापरात आणला. तो फिजी बेटांवर गेला होता. तिथल्या रिसॉर्टमध्ये पाटी होती, समुद्र वाचवायचाय, टॉवेल पुन्हा वापरा. आणि तेच रिसॉर्ट बाजूला नवीन बांधकाम वाढवत होतं. म्हणजे धुलाईचा खर्च आमचा वाचणार, पुण्य मात्र पृथ्वीच्या नावावर. बघा, इथेही वस्तू सुतीच निघाली!

त्यानंतर युरोपात सेंद्रिय कपड्यांची मागणी वाढली. नव्वदच्या दशकात मध्य प्रदेशातल्या निमाडात एका स्विस कंपनीच्या पुढाकाराने सेंद्रिय कापसाचं काम उभं राहिलं. 2004 पासून 'चेतना ऑरगॅनिक'ने आपल्या विदर्भातही शेतकऱ्यांचे गट बांधले. ही माणसं खरोखर मेहनत करणारी. रासायनिक खत बंद, फवारणी बंद, दोन-तीन वर्षं संक्रमणाची, उत्पन्न घटलं तरी सोसायचं. आजचा भाग त्यांच्या विरोधात नाही. उलट त्यांच्यासाठीच आहे.

आता मधे आली 2002 ची तारीख. 26 मार्च 2002 ला केंद्र सरकारने बीटी कापसाला परवानगी दिली. ते बियाणं आणणारी महिको आपल्या जालन्याची. काही वर्षांतच देशातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त कापूस क्षेत्रावर बीटी आलं. सेंद्रियच्या नियमात मात्र जनुक बदललेलं बियाणं चालतच नाही. आता विचार करा. दुकानात बिगर-बीटी बियाणं शोधायला गेलं तर मिळायची मारामार, शेजारच्या वावरात बीटी, जिनिंगमध्ये एकाच अंगणात सगळ्यांच्या कापसाच्या गंज्या. आणि तिकडे युरोपच्या दुकानात भारतातल्या सेंद्रिय कापसाचे कपडे वाढतच चाललेत. जगातल्या सेंद्रिय कापसातला सुमारे निम्मा वाटा एकट्या भारताचा झाला.

एवढा आला कुठून?

भाग चौथा: कागदावर पिकलेला कापूस

जानेवारी 2010. फायनान्शियल टाइम्स डॉइशलँड या जर्मन वर्तमानपत्राने बातमी दिली की भारतातून आलेल्या सेंद्रिय कापसात जनुक बदललेला कापूस सापडतोय. तिथल्या एका प्रयोगशाळेने तपासलेल्या नमुन्यांपैकी सुमारे 30 टक्क्यांमध्ये तो निघाला. एच अँड एम, सी अँड ए, चिबो अशा मोठ्या नावांचा उल्लेख आला. आपल्याकडे सेंद्रिय निर्यातीवर देखरेख करणाऱ्या अपेडाने प्रमाणपत्र देणाऱ्या दोन परदेशी संस्थांना दंड केल्याचंही बाहेर आलं. या कंपन्यांनी फसवलं की त्या स्वतःच फसल्या, हा वाद चालू राहिला. टी-शर्ट घेणाऱ्याला दोन्हीचा परिणाम सारखाच.

मग ऑक्टोबर 2020. सेंद्रिय कापडासाठी जगभर मानलं जाणारं एक मानक आहे, गॉट्स. त्यांनी स्वतः जाहीर केलं की भारतात 20,000 टन खोटा सेंद्रिय कापूस सापडलाय. देशातल्या एका वर्षाच्या सेंद्रिय कापसाच्या जवळपास सहावा हिस्सा! 170 किलोची एक गाठ धरली, तर सुमारे 1 लाख 17 हजार गाठी होतात. अकरा कंपन्यांवर बंदी आली.

आणि ही चोरी केली कशी? इथे 1829 आठवा. ना पाणी मारलं, ना सरकी घातली. प्रत्येक विक्रीबरोबर एक व्यवहार प्रमाणपत्र लागतं, इतका माल, अमुक गटाकडून तमुक जिनिंगला. ती प्रमाणपत्रंच खोटी बनवली. त्यावर क्यूआर कोड होता. स्कॅन केला की सरकारी वेबसाइट उघडायची. फक्त ती सरकारी नव्हती. हुबेहूब तशी दिसणारी नकली साइट होती! आपण फोनवर बँकेच्या खोट्या लिंकला फसतो ना, अगदी तसं.

ही फट नेमकी जिनिंगच्या दारात आहे. शेतातल्या कच्च्या कापसाची तपासणी सरकारी सेंद्रिय कार्यक्रमाखाली होते आणि जिनिंगपासून पुढे कपड्यापर्यंत गॉट्सचं मानक. दोन साखळ्या जिथे जोडतात, तिथे फक्त कागद असतो. चोराला जोडच दिसतो.

पुढे जानेवारी 2021 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने भारतीय सेंद्रिय प्रमाणनाला दिलेली मान्यता काढून घेण्याचं जाहीर केलं. फेब्रुवारी 2022 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या शोधवृत्तात धंद्यातल्या जाणकाराचा अंदाज छापून आला की भारतातून 'सेंद्रिय' म्हणून जाणाऱ्या कापसातला निम्म्याहून जास्त अस्सल नसावा. अंदाज आहे, मोजमाप नाही, हे ध्यानात ठेवा. पण ज्या धंद्यात असा अंदाज करावा लागतो, तिथे विश्वास किती उरला ते कळतं.

भाग पाचवा: लेबल खरं, समज खोटा

प्रत्येक हिरवा टॅग गुन्हाच असतो असं नाही. काही टॅग नियमात बसतात, तरीही आपली समजूत चुकते.

उदाहरण घ्या 'बेटर कॉटन'चं. 2005 मध्ये याची चर्चा सुरू झाली आणि आज महाराष्ट्रातले कितीतरी कापूस शेतकरी त्यात आहेत. पाणी जपून वापरा, औषध मोजून फवारा, मजुरांना नीट वागवा, असं ते काम. चांगलंच आहे. पण एक, हे सेंद्रिय नाही, यात बीटी चालतं. आणि दोन, वर्षानुवर्षं त्यांचा हिशोब 'मास बॅलन्स' पद्धतीने चालला. म्हणजे काय? डेअरीचं उदाहरण देतो. संघात दहा लिटर गाईचं आणि नव्वद लिटर म्हशीचं दूध आलं. सगळं एकाच टाकीत ओतलं. मग म्हणायचं, दहा लिटर गाईचं आलंय ना, मग दहा पिशव्यांवर गाईचं चित्र लावा. हिशोब चोख आहे. पण तुमच्या पिशवीत गाईचं दूध किती, हे देवालाच माहीत. 2023 च्या अखेरीस त्यांनी माग काढता येणारा कापूसही सुरू केला. पण त्याआधीची बारीक अक्षरं किती जणांनी वाचली होती?

2022 मध्ये नेदरलँड्सच्या ग्राहक प्राधिकरणाने एच अँड एम आणि डेकॅथलॉनला विचारलं, तुमच्या 'कॉन्शस' आणि 'इकोडिझाइन' या शब्दांचा अर्थ काय? नीट उत्तर नव्हतं. दोन्ही कंपन्यांनी ते शब्द काढायचं किंवा बदलायचं कबूल केलं, आणि पर्यावरणाच्या कामासाठी अनुक्रमे 5 लाख आणि 4 लाख युरो द्यायचं ठरलं. म्हणजे 1934 च्या खादीसारखंच. शब्द वापरताय, तर व्याख्या द्या.

भाग सहावा: काकांचा हिशोब

आता परत आमच्या ओसरीवर या.

एक क्विंटल कापसातून साधारण 34 किलो रुई निघते. सूतगिरणी आणि कटिंगमधली घट धरून ढोबळमानाने त्यात शंभर-सव्वाशे टी-शर्ट होतात. 2024-25 चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता 7,521 रुपये क्विंटल. समजा सेंद्रिय म्हणून शेतकऱ्याला दहा टक्के जास्त दिले. झाले 752 रुपये. टी-शर्टमागे किती? सहा ते साडेसात रुपये! आणि टॅगमुळे दुकानात टी-शर्ट किती महाग होतो ते तुम्ही फोनवर बघता.

म्हणजे शेतकऱ्याला खरं सेंद्रिय पिकवायचा मोबदला द्यायचा, तर एका टी-शर्टमागे चहाच्या कटिंगइतका खर्च. तरी तो वाचवायला खोटे कागद छापले जातात.

मी हा हिशोब काकांना सांगितला तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "काही वर्साआधी दोघं जन आले होते. सेंद्रिय गट करतो म्हने. सातबारा अन् आधारची झेरॉक्स घेऊन गेले. आमी वीस-पंचवीस जनांनी देली. मंग काही आलेच नाही."

"तुम्ही काही सही केली होती?"

"केली होती एका कागदावर. त्याची नक्कल कुठी देली आमाले?"

मंडळी, मला इथे धस्स झालं. कारण गट प्रमाणपत्राची पद्धत अशी की 25 ते 500 शेतकऱ्यांचा एक गट, आणि कागद गट चालवणाऱ्याच्या हातात. शेतकऱ्याकडे स्वतःचं काहीच नाही. 2024 मध्ये मध्य प्रदेशात हाच आरोप जाहीरपणे झाला की शेतकऱ्यांना पत्ताही नसताना त्यांची नावं सेंद्रिय गटांत घातली गेली. माजी मुख्यमंत्री दिग्विजय सिंह यांनी तो विषय लावून धरला. आमच्या गावात आलेले ते दोघं कोण होते, त्यांचा हेतू काय होता, यावर मी काही आरोप करत नाही. पण माझ्या काकांनी बीटी पेरलं, फवारलं, खेडा खरेदीत विकलं, आणि तरी कुठल्यातरी यादीत ते सेंद्रिय शेतकरी असू शकतात, ही शक्यता ही व्यवस्थाच उघडी ठेवते. उद्या घोटाळा उघड झाला की बातमी काय येणार? 'विदर्भातल्या शेतकऱ्यांचा बनावट सेंद्रिय कापूस.' दीडशे वर्षांपूर्वीसारखंच. पैसा मधे जिरणार, बदनामी वावरापर्यंत येणार.

जानेवारी 2025 मध्ये सेंद्रिय कार्यक्रमाची नवी, आठवी आवृत्ती आली. त्यात शेतकरी गटाला कायदेशीर अस्तित्व देण्याची तरतूद आहे. दिशा बरोबर आहे. आमच्या ओसरीवरून मात्र मागणी एकच आहे. ज्याच्या सातबाऱ्यावर प्रमाणपत्र निघतं, त्याच्या फोनवर एक मेसेज आला पाहिजे, तुमच्या नावावर आज इतका क्विंटल सेंद्रिय कापूस विकला गेला. गॅसची सबसिडी जमा झाली की मेसेज येतो. मग याचा का नको?

शेवटी, तुमच्यासाठी

15 ऑक्टोबर 2024 पासून आपल्याकडेही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ग्रीनवॉशिंगविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं आली आहेत. 'ग्रीन', 'इको-फ्रेंडली', 'नैसर्गिक', 'सेंद्रिय' असे शब्द नुसते फेकता येत नाहीत. पुरावा द्यावा लागतो आणि तो ग्राहकाला बघता आला पाहिजे.

तेव्हा पुढच्या वेळी कार्टमध्ये टाकण्याआधी तीन प्रश्न विचारा. हे कोणी तपासलं, कंपनीने स्वतः की बाहेरच्या कोणी? नेमकं काय तपासलं, बियाणं, फवारणी, की नुसता डब्बा रिसायकलचा आहे? आणि हा दावा याच कपड्याबद्दल आहे की कंपनीच्या एकूण खरेदीबद्दल? गॉट्सचं चिन्ह असेल तर त्याबरोबर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं नाव आणि परवाना क्रमांक असायला हवा. तो त्यांच्या सार्वजनिक यादीत स्वतः शोधा. क्यूआर स्कॅन केलात तर उघडलेला पत्ता नीट वाचा. का, ते आता तुम्हाला माहीत आहे.

मी माझ्या टी-शर्टवर हे करून पाहिलं. टॅगवर क्रमांकच नव्हता. पान, सुतळी आणि पृथ्वी. कंपनीला मेल पाठवला, हा कापूस कोणाच्या वावरातला? अजून उत्तर नाही.

काका मात्र रोज विचारतात, "आलं का रे त्याचं पत्र?"

भेटू पुढच्या भागात. तोवर तुमच्या कपाटातला एखादा हिरवा टॅग काढा आणि घरातल्या कुणा जुन्या शेतकऱ्याला वाचून दाखवा. काय म्हणतात, मला कळवा. राम राम.